आमदार पडला की सरकार पडलं?

निकालाच्या दुपारी बेळगावात एकच वाक्य फिरतं, "लोकांनी नाकारलं." कुणाला नाकारलं, हे विचारायला हवं. सरकारच्या आर्थिक धोरणावरचा राग वेगळा आणि मतदारसंघातल्या आमदारावरचा राग वेगळा. दोन्हींसाठी यंत्रावर बटण एकच, म्हणून गल्लत होते.

मे २०२३ ची कर्नाटक विधानसभेची निवडणूक आठवा. राज्यात भाजप १०४ जागांवरून ६६ वर आला. बेळगाव जिल्ह्यातल्या १८ पैकी काँग्रेसने ११ घेतल्या, भाजपकडे ७ राहिल्या. घरगुती सिलिंडर अकराशेवर गेला होता. समोरून काँग्रेस घरच्या कर्त्या बाईला महिना २००० रुपये आणि २०० युनिटपर्यंत मोफत वीज कबूल करत होती. असा राग आणि अशी आशा तालुक्याची वेस पाहत नाही. उमेदवार कोण, हेही फारसं पाहत नाही. सिलिंडरचा दर काही बेंगळुरूत ठरत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, हीसुद्धा केंद्रच ठरवतं. तरी फटका राज्य सरकारला बसला. मला यात मतदाराची चूक दिसत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडे सत्ता एकाच पक्षाची होती.

पण राज्यात भाजपची मतं जवळपास तेवढीच राहिली, २०१८ लाही ३६ टक्के आणि २०२३ लाही ३६. काँग्रेस ३८ वरून ४३ वर गेली आणि जनता दलाची मतं घटली. म्हणजे भाजपच्या मतदाराने घाऊक पाठ फिरवली असं नाही. विरोधातली मतं एका जागी आली. "धोरण नाकारलं" म्हणण्याआधी हा आकडा पाहायलाच हवा.

आता खानापूर. त्याच दिवशी, तीच महागाई असताना, तिथे काँग्रेसच्या विद्यमान आमदार अंजली निंबाळकर पडल्या आणि भाजपचे विठ्ठल हलगेकर मोठ्या फरकाने निवडून आले. प्रश्न फक्त सिलिंडरचा असता तर खानापूरने उलटा कौल दिला नसता. तिथे निवड माणसाची झाली. या विजयाला भाजपच्या अर्थकारणाची पावती समजणं चूक आहे.

बेळगाव दक्षिणमध्ये तर आणखी पेच. अभय पाटील यांनी जागा राखली, दुसऱ्या क्रमांकावर महाराष्ट्र एकीकरण समितीचे रमाकांत कोंडुसकर. समितीचं मत १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनच्या सीमाप्रश्नाचं आहे. ते महागाईच्या खात्यात टाकणं आपल्या मराठी मतदारावर अन्याय आहे.

वर्षभराने, २०२४ च्या लोकसभेला, गृहलक्ष्मीचे, म्हणजे काँग्रेसने कबूल केलेल्या त्या महिना २००० रुपयांचे, पैसे जिल्हाभर खात्यांत जमा होत होते. चिक्कोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळींनी विद्यमान खासदार अण्णासाहेब जोल्ले यांना हरवलं. शेजारच्या बेळगावात भाजपचे जगदीश शेट्टर जिंकले.