पोकळ झाड आणि वनशास्त्राची पदवी

दापोली किंवा अकोल्याहून वनशास्त्र शिकून निघालेली मुलं आज व्याघ्र प्रकल्पांत कॅमेरा ट्रॅप लावतात, विष्ठेचे नमुने गोळा करतात. हे शास्त्र आपल्याकडे आलं, ते मात्र लाकडासाठी.

१८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं. जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिश ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग, साल, देवदार बेसुमार तुटत होते. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली. झाडाचा घेर मोजायचा, जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, पाडायचे, कोणता कूप कोणत्या वर्षी तोडायचा ते ठरवायचं, हे शिक्षण. जनावरांशी खात्याचा संबंध बराचसा शिकारीच्या परवान्यांपुरता. वाकडं, वठलेलं, पोकळ झाड या हिशेबात कुचकामी.

मला या इतिहासात तेच झाड सर्वांत मोलाचं वाटतं. रानपिंगळा ढोलीतच अंडी घालतो. १८८४ नंतर हरवलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही सापडला. धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. जुनी झाडं गेली की तिची वीणच थांबते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पाने हिशेब बदलला. प्रकल्पाचे पहिले संचालक कैलास सांखला वनाधिकारीच होते. पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. ती पुढे अपुरी ठरली. कागदावर वाघ असलेल्या राजस्थानातल्या सरिस्कात २००५ मध्ये एकही उरला नव्हता. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा आणि संख्याशास्त्र आलं, आणि देशातल्या वाघांचा अंदाज १,४११ वर आला.

मधल्या काळात १९८२ मध्ये डेहराडूनलाच भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली, १९८० च्या दशकात कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी सुरू झाली आणि १९८८ च्या वन धोरणाने महसूल दुय्यम ठरवला.

जुनी विद्या वाया गेलेली नाही. ताडोबात गावं उठली, त्या शेतजमिनीवर कुरणं करायची, तर तरोटा, रानतुळस, घाणेरी हे तण फुलण्याआधी उपटावं लागतं, चितळ कोणतं गवत खातात ते ओळखावं लागतं, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा वेळेवर काढाव्या लागतात. हे काम वनशास्त्र शिकलेल्या माणसाचंच आहे.