डॅशबोर्ड की सकाळची पीडीएफ?

समजा भोसरीतलं एखादं मशिनिंगचं वर्कशॉप आहे आणि महिन्याच्या मीटिंगला रिजेक्शनवरून, म्हणजे नापास झालेल्या मालावरून, जुंपलीय. क्वालिटीवाला टीव्हीवरच्या डॅशबोर्डवर (म्हणजे क्लिक करून आकडे चाळता येतात त्या स्क्रीनवर) २.१ टक्के दाखवतोय, अकाउंटंटच्या हातातल्या प्रिंटवर ३.४, आणि गंमत म्हणजे खोटं कुणीच बोलत नाहीये. डॅशबोर्डवर सकाळी कुणीतरी फक्त दिवसपाळीचा फिल्टर लावला आणि तसाच सोडून गेला, बस्स.

स्टॅटिक रिपोर्ट म्हणजे ठरलेल्या वेळी डेटाबेसला एकदा विचारलेला प्रश्न, उत्तर कागदावर किंवा पीडीएफमध्ये गोठलं की गोठलं. डॅशबोर्ड तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, त्यामुळे एप्रिलमध्ये बघितलेला मार्चचा आकडा मे महिन्यात वेगळा दिसू शकतो, कारण मधे कुणीतरी टॅलीत मागच्या तारखेची क्रेडिट नोट टाकलेली असते. म्हणून ज्या आकड्यावर उद्या कुणी जाब विचारणार, म्हणजे जीएसटी, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, कस्टमरला पाठवलेला क्वालिटी रिपोर्ट, तिथे गोठलेलाच कागद हवा. यात मला तरी दुमत दिसत नाही.

आणि हो, क्लिक करता येतं म्हणजे लाइव्ह असतं असं अजिबात नाही. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्रो लायसन्सवर डेटा इम्पोर्ट केलेला असेल तर शेड्यूल्ड रिफ्रेश दिवसाला जास्तीत जास्त ८ वेळा होतो, मधल्या काळात तुम्ही शिळाच आकडा बघत असता.

मग डॅशबोर्ड कशाला? तर पहिल्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो तेव्हा. रिजेक्शन वाढलं, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, बारचा कुठला लॉट होता... पीडीएफवर हे करायचं तर आयटीवाल्या पोराला चारदा फोन, आणि चौथ्याला तो उचलणार नाही. संगणकतज्ज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्येच हा क्रम सांगून ठेवलाय: आधी सगळं चित्र, मग झूम आणि फिल्टर, आणि तपशील मागाल तेव्हाच.

पण या क्लिकक्लिकाटात एक सापळा आहे ज्याबद्दल सॉफ्टवेअर विकणारे चकार शब्द काढत नाहीत. समजा खरं तर काहीच बिघडलेलं नाही, आणि निव्वळ योगायोगाने डेटाचा एखादा तुकडा (म्हणजे एखादं मशीन, पाळी किंवा लॉट) विचित्र दिसण्याची शक्यता ५ टक्के आहे. असे एकमेकांशी संबंध नसलेले २० तुकडे तपासले तर निदान एक तरी विचित्र दिसण्याची शक्यता जाते जवळपास ६४ टक्क्यांवर! मग बिचाऱ्या रात्रपाळीच्या ऑपरेटरवर बिल फाटतं. डॅशबोर्डवर सापडलेलं कारण हा फक्त संशय धरायचा आणि पुढच्या महिन्याच्या नव्या डेटावर तपासायचा.

छोट्या धंद्याला माझं म्हणणं, आधी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक पानाची पीडीएफ सुरू करा, त्यावर लोक कुठले प्रश्न परत परत विचारतात ते लिहून ठेवा आणि तेवढ्याच प्रश्नांचा डॅशबोर्ड बनवा. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पैसे सहसा शेअर करायला लागल्यावर लागतात.