हस्तरेखित मुख्यमुद्रा आणि संगणकीय पात्र-अ‍ॅनिमेशन

पात्राच्या हालचालीतील निर्णायक अवस्था चित्रकाराने हाताने रेखाटायच्या आणि त्यांना जोडणारी हालचाल सॉफ्टवेअरमध्ये घडवायची, अशी ही संमिश्र कार्यपद्धती आहे. निर्णायक अवस्थेच्या चित्रास मुख्यमुद्रा किंवा व्यवहारात की-पोझ म्हणतात, तर दोन मुख्यमुद्रांमधील चित्रांना मध्यचित्रे किंवा इन-बिट्वीन म्हणतात. उडी मारणाऱ्या पात्राच्या बाबतीत गुडघे वाकवून दबलेली अवस्था, जमीन सोडतानाचा ताण, हवेतील सर्वोच्च बिंदू आणि पाय टेकण्याचा क्षण या मुख्यमुद्रा होत.

मुख्यमुद्रांची पद्धत प्रथम कोणी वापरली याविषयी एकमत नाही. यातील बराचसा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्यामुळे झालेला दिसतो. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी १९१४ च्या ‘गर्टी द डायनोसॉर’ या लघुपटासाठी हालचालीच्या टोकाच्या अवस्था आधी काढून मधली चित्रे नंतर भरण्याची रीत अवलंबिली होती, आणि तिला त्यांनी ‘स्प्लिट सिस्टिम’ असे नाव दिले होते. मात्र पात्राची सर्व चित्रे त्यांनी स्वतःच काढली. सहायकाकडे पार्श्वभूमी गिरविण्याचे काम होते. म्हणजे त्यांचा हेतू वेळेचे गणित सांभाळण्याचा होता, श्रमविभागणीचा नव्हे. मध्यचित्रे दुसऱ्या हातांकडे सोपविण्याची प्रथा १९२० च्या दशकात फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओत पडली असावी. तेथील अ‍ॅनिमेटर डिक ह्यूमर यांचे सहायक आर्ट डेव्हिस यांना पहिले इन-बिट्वीनर मानण्याचा प्रघात आहे. पुढील दशकात डिझ्नी स्टुडिओने या विभागणीला पद्धतशीर रूप दिले. पद्धतीचे श्रेय मॅके यांना आणि विभागणीचे श्रेय फ्लायशर स्टुडिओला देणे अधिक सयुक्तिक वाटते. संगणकाच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण संगणकाकडे आधी सोपविले गेले ते सहायकाचे काम होते.

या कामाचा आरंभ कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ऑटवा येथे झाला. नेस्टर बुर्तनिक आणि मार्सेली वाइन यांनी मुख्यचित्रांवरून मधली चित्रे काढणारी प्रणाली १९७० च्या सुमारास विकसित केली आणि १९७१ मध्ये तिच्याविषयी लेखन प्रसिद्ध केले. तिच्या साहाय्याने पीटर फोल्डेस यांनी १९७४ मध्ये ‘ला फँ’ हा लघुपट केला. त्यात एका आकृतीच्या रेषा वितळल्याप्रमाणे दुसरीत मिसळतात. रूपांतर हाच विषय असल्यामुळे प्रणालीची मर्यादा तेथे गुण ठरली. चालणारे, वळणारे, वजन पेलणारे पात्र हवे असेल तेव्हा मात्र तीच मर्यादा उघडी पडते.

ती मर्यादा पुढीलप्रमाणे. पात्राचा हात एका चित्रात आडवा आणि दुसऱ्यात उभा आहे असे समजू. संगणकाने तळव्याचा प्रत्येक बिंदू सरळ रेषेत सरकविला, तर मधल्या चित्रात खांद्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर मूळ लांबीच्या सुमारे ७१ टक्के उरते. हात फिरण्याऐवजी आखडतो आणि पुन्हा लांब होतो. अंशात्मक फरक १८० झाला, तर मध्यावर हाताची लांबी शून्य होते. अनुभवी इन-बिट्वीनर तळवा कमानीवरून नेतो, कारण त्याला हाताला हाड आहे हे ठाऊक असते. रेषेला ते ठाऊक नसते. संगणकशास्त्रज्ञ एडविन कॅटमल यांनी १९७८ मध्ये हा प्रश्न अधिक मूलभूत स्वरूपात मांडला. चित्र ही त्रिमित पात्राची द्विमित छाया आहे आणि छाया पडताना खोलीची माहिती लोप पावते. मान बाजूकडून समोर वळते तेव्हा आधी न दिसणारा दुसरा कान प्रकट होतो. पहिल्या चित्रात त्याची रेषाच नसते, त्यामुळे दुसऱ्या चित्रातील रेषेला जोडीदार सापडत नाही.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग सांगाड्याचा आहे. बुर्तनिक व वाइन यांनी १९७६ मध्ये चित्राला एका साध्या सांगाड्याशी बांधून केवळ सांगाडा हलविण्याची पद्धत मांडली. आजच्या बोन-रिगचे, म्हणजे पात्र हलविण्यासाठी त्याला जोडलेल्या संगणकीय सांगाड्याचे बीज तेथे आहे असे मानण्यास हरकत नाही. दुसरा मार्ग वेळ व वेग यांच्या नियंत्रणाचा आहे. डोरिस कोखानेक आणि रिचर्ड बार्टेल्स यांच्या १९८४ च्या वक्रपद्धतीत प्रत्येक मुख्यमुद्रेपाशी ताण, सातत्य आणि झुकाव वेगवेगळे ठरविता येतात. जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये हस्तरेखित अ‍ॅनिमेशनची तत्त्वे त्रिमित संगणकीय अ‍ॅनिमेशनला कशी लागू होतात याची मांडणी केली आणि दोन परंपरांमधील संवाद दृढ झाला.

प्रत्यक्ष कामात मुख्यमुद्रा कागदावर किंवा थेट टॅब्लेटवर काढतात. कागदाला एक गोल व दोन लांबट भोके असतात, त्यांच्या आधारे तो पेगबारवर, म्हणजे खुंट्यांच्या पट्टीवर, बसविलेला असतो आणि स्कॅन करताना ही भोके जुळली नाहीत, तर स्थिर उभे असलेले पात्रही थरथरते. चित्रे टाइमलाइनवर त्यांच्या त्यांच्या फ्रेमवर मांडून आधी मुद्रांची पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या रेखाचित्रांची चालती चाचणी, पाहतात. त्यानंतर रिग केलेले पात्र प्रत्येक चित्रावर जुळवून कीफ्रेम दिली जाते, म्हणजे त्या फ्रेमवरील मुद्रा सॉफ्टवेअरमध्ये नोंदविली जाते. या टप्प्यावर स्टेप्ड पद्धत ठेवतात, म्हणजे पात्र एका मुद्रेवरून दुसरीवर उडी मारते आणि संगणक स्वतःहून मधे काही भरत नाही. ही शिस्त न पाळणाऱ्याच्या हालचालीत पाण्याखाली चालल्यासारखा ढिलेपणा येतो.

येथे टाइमिंग चार्टचे महत्त्व कळते. मुख्यचित्राच्या कडेला अ‍ॅनिमेटर एक रेघ ओढून तिच्यावर क्रमांकांच्या खुणा करतो. १ आणि ९ या मुख्यमुद्रांना वर्तुळ असते. ३ हे ब्रेकडाउन, म्हणजे दोन मुख्यमुद्रांमधील मार्ग ठरविणारे चित्र, मध्यावर, ५ हे ३ व ९ यांच्या मध्यावर आणि ७ हे ५ व ९ यांच्या मध्यावर, अशा खुणा असल्यास हालचाल ९ कडे येताना मंदावते. सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमधील, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या स्थितीच्या आलेखातील, वक्र शेवटाकडे सपाट करणे हे याच रेघेचे रूपांतर आहे. ज्याने आधी चार्ट आखला आहे त्याला वक्र कसा वाकवायचा ते सांगावे लागत नाही. ब्रेकडाउनही हातानेच काढणे इष्ट होय, कारण हालचालीची कमान तेथे ठरते.

चित्रातील मुद्रा रिगला गाठता येत नाही, हा या पद्धतीतील नेहमीचा पेच आहे. कॅमेऱ्याकडे रोखलेली मूठ चित्रकार मुक्तपणे मोठी करतो, सांगाडा ते करू देत नाही. अशा वेळी विकृतिकारक, म्हणजे आकार ताणणारे वा वाकविणारे साधन, जोडतात किंवा ती मूठ स्वतंत्र चित्र म्हणून बदलतात. चित्र रिगसाठी सौम्य करणे हा सोपा उपाय आहे, पण त्यात बाह्यरेखेचा जोर जातो आणि पद्धतीचे प्रयोजनच उणावते.

उलट दिशेने, म्हणजे संगणकीय हालचालीवर नंतर हाताने रेषा काढण्याचा प्रयोग डिझ्नीच्या ‘पेपरमॅन’ या २०१२ च्या लघुपटात मिअँडर या सॉफ्टवेअरद्वारे झाला. सध्या टून बूम हार्मनी, मोहो, ब्लेंडरमधील ग्रीस पेन्सिल आणि २०१६ मध्ये मुक्तस्रोत झालेले ओपनटून्झ ही साधने अशा कामासाठी वापरली जातात.

प्रति सेकंद २४ फ्रेमच्या चित्रपटात हस्तरेखित चित्र बहुधा दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे होतात. संगणक मात्र प्रत्येक फ्रेमसाठी नवी स्थिती देतो. एकाच दृश्यात दोन्ही मिसळल्यास, आणि विशेषतः कॅमेरा सरकत असल्यास, दोन फ्रेम धरलेले पात्र पार्श्वभूमीवर घसरल्यासारखे किंवा लुकलुकल्यासारखे दिसते. म्हणून अशा दृश्यांत पात्रही एक-एक फ्रेमवर काढतात, किंवा रिगची हालचालच दोन-दोन फ्रेमवर थांबवून हाताच्या चित्रांच्या लयीशी जुळवून घेतात.