पायवाटांची लोकनिगा

डोंगर, जंगल, समुद्रकिनारा, माळरान अशा सर्वांना खुल्या असलेल्या जमिनीवरील भटकंतीच्या वाटा आणि त्यांच्या भोवतालचा परिसर वापरणाऱ्यांनीच संघटितपणे सांभाळण्याची प्रथा. जमीन बहुधा सरकारी असते. काही ठिकाणी ती एखाद्या न्यासाची असते, तर काही ठिकाणी खासगी असूनही लोकांना तिच्यावरून जाण्यायेण्याचा हक्क असतो. मालकी, कायदा आणि शेवटचा शब्द मालकाचाच राहतो. वाट मोकळी ठेवणे, पाण्याचा निचरा पाहणे, खुणा रंगवणे, आडवी पडलेली झाडे कापणे, मोडलेल्या पायऱ्या पुन्हा बसवणे ही कामे मात्र स्वयंसेवक करतात. एखाद्या सुटीच्या दिवशी जमून कचरा गोळा करणे हा या प्रथेचा सर्वांत ठळक दिसणारा, पण सर्वांत लहान भाग आहे. तिचा गाभा सातत्यात आहे: एका गटाने एका वाटेची जबाबदारी घ्यायची आणि ती वर्षानुवर्षे निभवायची. नवी वाट काढायला माणसे उत्साहाने जमतात. दहा वर्षांनी त्याच वाटेवरचा चर उपसायला कोण येते, यावर ती वाट टिकणार की नाही हे ठरते.

पाणी आणि पावले

वाट पडते ती चालण्याने, पण तिची वाताहत बहुतेक वेळा पाणी करते. सतत चालण्याने माती घट्ट दबते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी खोल जाते. मग पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहू लागते. पहिल्या वर्षी बारीक ओघळ दिसतो, काही वर्षांत गुडघाभर घळ तयार होते. घळीतून चालणे अवघड म्हणून लोक कडेने चालतात, तिथले गवत मरते आणि दुसरी वाट पडते; मग तिसरी. एका माणसापुरती असलेली वाट अशी हळूहळू मोठा पट्टा व्यापते.

म्हणून वाटेची आखणी करताना पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. डोंगरउताराच्या सरळ रेषेत वर चढणारी वाट सर्वांत जवळची वाटते आणि सर्वांत लवकर वाहून जाते. उताराला आडवी, वळसे घेत चढणारी वाट टिकते. वाटा बांधणाऱ्यांमध्ये यासाठी एक सोपा ठोकताळा रूढ आहे: वाटेचा चढ ती ज्या उतारावरून जाते त्याच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि एकूण वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आसपास राहावा. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवरून आडवे निघून जाते. चढणाऱ्या वाटेला अधूनमधून थोडा उतारही देतात. वरून धावत आलेले पाणी तिथे अडते आणि बाहेर पडते.

जुन्या, चुकीच्या आखलेल्या वाटांवर हे सगळे शक्य नसते. तिथे वाटेत आडवा दगड किंवा ओंडका पुरून त्याच्या वरच्या अंगाला चर काढतात. हा चर वाटेला काटकोनात नको, तिरपाच हवा. काटकोनात काढला तर पाण्याचा वेग एकदम मरतो, गाळ तिथेच बसतो, चर भरतो आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी त्याच्यावरून उडी घेऊन पुन्हा वाटेने धावते. तिरप्या चरातून ते वेगात निघून जाते आणि गाळही सोबत नेते. तरीही पानगळीनंतर चराच्या तोंडाशी पाने, काटक्या आणि माती यांचा बोळा बसतोच. फावड्याने तो उपसणे, उपसलेली माती खालच्या अंगाला दाबून बसवणे आणि चराचे तोंड थोडे रुंद करणे हे काही मिनिटांचे काम आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्वयंसेवक ठरलेल्या वाटेवर वर्षभर फक्त यासाठीच फेऱ्या मारतात. या कामाचे छायाचित्र काढावे असे त्यात काही नसते, पण वाटेच्या देखभालीत याच्याइतके मोलाचे दुसरे काम नाही.

पावलांच्या परिणामाबाबतही अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली आहे. अस्पर्श गवतावर होणारे बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या वापरातच होते. त्यानंतर चालणारे कितीतरी वाढले तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे वर्दळीच्या जागी सगळ्यांना एकाच भक्कम वाटेवर ठेवणे हिताचे असते, पांगवणे नव्हे. चिखल दिसला तरी त्यातूनच जा, वळणे तोडून सरळ उतरू नका, हा आग्रह त्यातूनच आला आहे. स्वयंसेवक चोरवाटांच्या तोंडाशी दगड आणि वाळक्या फांद्या टाकतात ते त्याचसाठी. झाकलेली चोरवाट काही काळाने भरून येते.

प्रथेची वाटचाल

पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात क्लोद-फ्रांस्वा देनकूर या नेपोलियनच्या सैन्यातील माजी सैनिकाने 1842च्या सुमारास स्वखर्चाने वाटा काढल्या आणि झाडांवर व खडकांवर निळ्या खुणा केल्या. केवळ फिरण्याच्या आनंदासाठी आखलेल्या, खुणा केलेल्या वाटांचे हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. पुढे हे काम संस्थांच्या हाती आले. जर्मनीतील श्वार्त्सवाल्ड संघ 1864मध्ये, नॉर्वेची गिर्यारोहण संघटना 1868मध्ये आणि चेक पर्यटक क्लब 1888मध्ये स्थापन झाला. चेक क्लबने पुढच्याच वर्षी पहिली वाट रंगवली. आज त्या देशात 40,000 किलोमीटरहून अधिक वाटांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा अशी खूण दिसते आणि ती रंगवणारे स्वयंसेवकच असतात. प्रत्येक वाट साधारण तीन वर्षांतून एकदा नव्याने रंगवली जाते. नॉर्वेत दगडांच्या राशींवर लाल टी हे अक्षर रंगवलेले असते. तिथल्या संघटनेच्या अनेक डोंगरी झोपड्यांमध्ये कोणीही राखणदार नसतो. माणसे येतात, लाकडे फोडतात, धान्य वापरतात, हिशेब लिहून पैसे भरतात आणि पुढच्यासाठी झोपडी झाडून ठेवतात.

स्वित्झर्लंडने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे 1979मध्ये मतदारांनी पायवाटांना थेट राज्यघटनेत स्थान दिले. देशभरातील सुमारे 65,000 किलोमीटर वाटांची जबाबदारी कायद्याने प्रांतांवर आहे आणि प्रत्यक्ष देखरेखीत चालणाऱ्यांच्या संघटना त्यांच्यासोबत काम करतात.

लोकनिगेचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन वाटेचा आहे. बेंटन मॅकाय या वनतज्ज्ञाने 1921मध्ये तिची कल्पना मांडली, 1925मध्ये त्यासाठी परिषद स्थापन झाली आणि 1937मध्ये वाट पूर्ण झाली. जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे 3,500 किलोमीटर लांब आहे. तिच्या उभारणीत सरकारी छावण्यांतील मजुरांचाही हात होता, पण मुख्य भार स्थानिक क्लबांनी उचलला. पुढच्याच वर्षी आलेले चक्रीवादळ, डोंगरमाथ्यावरून काढलेले मोटाररस्ते आणि नंतर महायुद्ध यांमुळे ती जागोजागी तुटली आणि 1951मध्ये पुन्हा सलग झाली. 1968च्या कायद्याने तिला राष्ट्रीय निसर्गरम्य वाटेचा दर्जा मिळाला. खरा वेगळेपणा 1984चा आहे: राष्ट्रीय उद्यान सेवेने वाटेच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी करार करून स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली. आज सुमारे तीस क्लबांनी ही वाट तुकड्यातुकड्यांत वाटून घेतली आहे. क्लबातही विभागणी असते; काही किलोमीटरचा एकेक टप्पा एकेका माणसाच्या नावावर असतो. आपल्या टप्प्यातला कोणता ओढा कधी फुगतो, कोणते झाड वठले आहे आणि कोणत्या बाजूला पडेल, हे त्या माणसाला नकाशाशिवाय ठाऊक असते. असे ज्ञान कोणत्याही कार्यालयाच्या नोंदवहीत मावत नाही, आणि माझ्या मते या प्रथेची सर्वांत मोठी कमाई तीच आहे.

करार, अवजारे, शिस्त

परवानगीशिवाय केलेले श्रमदान ही लोकनिगा नव्हे. कोणी हौसेने सरकारी जंगलात वाट काढली तर ती दुर्मीळ वनस्पतींमधून, पक्ष्यांच्या विणीच्या जागेवरून किंवा पुरातत्त्वीय अवशेषांवरून जाऊ शकते. डोंगरी सायकलस्वारांमध्ये अशा चोरून काढलेल्या वाटांचा प्रश्न मोठा आहे. 1988मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटनेच्या कामाचा मोठा भाग सायकलस्वारांना वाटा बांधण्याचे शास्त्र शिकवण्याचा आणि त्यांना जमीन सांभाळणाऱ्या यंत्रणेसोबत बसवण्याचा राहिला आहे. करारात कोणी काय करायचे, कशाला हात लावायचा नाही, अपघात झाला तर भरपाई कोण देणार हे लिहिलेले असते. अमेरिकेत 1972च्या कायद्याने राष्ट्रीय वनांमध्ये स्वयंसेवक घेण्याची तरतूद झाली. नोंदणी केलेला स्वयंसेवक कामावर जखमी झाल्यास त्याला सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाईचे संरक्षण मिळते.

अवजारे साधी असतात: पहार, कुदळ, फावडे, कोयता, करवत. अमेरिकेत एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले पुलास्की हे अवजार सर्वत्र दिसते. ते वणवे विझवणाऱ्यांकडून वाटांवर आले. तिथल्या संरक्षित रानभूमीत 1964च्या कायद्याने मोटारीवर चालणाऱ्या यंत्रांना मनाई आहे, त्यामुळे आडवे पडलेले झाड दोघांनी ओढायच्या लांब करवतीनेच कापावे लागते. या करवतीचा नियम असा की प्रत्येकाने फक्त ओढायचे, ढकलायचे नाही. ढकलले तर पाते वाकते आणि अडकते. पडलेले खोड बहुधा कुठेतरी ताणलेले असते. वरच्या बाजूला दाब आहे की खालच्या, हे ओळखून पहिला काप घ्यावा लागतो, नाहीतर खोड उसळून माणूस जायबंदी होतो. म्हणूनच करवत चालवणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे असते.

सगळीच कामे हातांनी होत नाहीत. इंग्लंडच्या पेनाइन मार्गावर, जो 1965मध्ये खुला झाला, चालणाऱ्यांची संख्या वाढताच दलदलीची काळी माती अक्षरशः वाहून जाऊ लागली. उपाय म्हणून बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरशीचे दगड हेलिकॉप्टरने माथ्यावर नेऊन दलदलीवर अंथरले गेले. त्या फरश्यांवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके आजही दिसतात. दगडी वाट पाहून अनेक जुने भटके हळहळले, पण फरशीच्या दोन्ही बाजूंनी गवत आणि शेवाळ परत आले.

हक्क कोणाचा

निगा राखण्याआधी प्रवेशाचा हक्क लागतो, आणि तो सगळीकडे सहज मिळालेला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी इंग्लंडमधील किंडर स्काउट या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या माळावर शेकडो कामगार तरुण ठरवून घुसले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. 1949मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि प्रवेश यांचा कायदा झाला, त्यामागे अशा आंदोलनांचा रेटा होता. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने बहुतेक जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क मान्य केला.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. ज्याला आज सार्वजनिक भूमी म्हणतात ती अनेक देशांत मूळ रहिवाशांकडून घेतलेली आहे. अमेरिकेतील काही प्रसिद्ध राष्ट्रीय उद्याने तिथल्या आदिवासींना हुसकावून उभी राहिली. स्वयंसेवकांचा एखादा गट ‘आमची वाट’ म्हणतो तेव्हा ही आठवण जागी ठेवणे त्याचे कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियातील उलुरूची जमीन 1985मध्ये अनांगू लोकांना परत मिळाली, तरी त्यांना पवित्र असलेल्या त्या खडकावर चढणे सुरूच राहिले. ज्या मंडळात अनांगूंचे बहुमत आहे त्याच्या निर्णयानुसार ते 26 ऑक्टोबर 2019 रोजी कायमचे बंद झाले. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांची मुळे कुजवणारा रोग बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो. वाइटाकेरे डोंगररांगेत तो फैलावला तेव्हा ‘ते कावेराऊ आ माकी’ या तिथल्या मूळ रहिवासी माओरी समूहाने डिसेंबर 2017मध्ये जंगलात जाण्यावर राहुई, म्हणजे पारंपरिक मनाई, जाहीर केली. त्या वेळी तिला कायद्याचे पाठबळ नव्हते. नगर प्रशासनाने काही महिन्यांनी तिथल्या वाटा बंद केल्या. काही वाटा पुढे दुरुस्त करून, मुळांना चिखल लागणार नाही अशा उंच फळ्या टाकून आणि बूट धुण्याची केंद्रे बसवून पुन्हा खुल्या झाल्या. वाट बंद ठेवणे हेदेखील निगेचेच काम आहे, आणि चालणाऱ्यांच्या संघटनांना ते पटवून घ्यायला सर्वांत जड जाते.

मर्यादा

लोकनिगा फुकट पडत नाही. प्रशिक्षण, अवजारे, विमा, समन्वयक यांना पैसा लागतो आणि कुशल पगारी पथकांशिवाय पूल, दगडी भिंती, दरडीखाली गेलेले टप्पे उभे राहत नाहीत. अमेरिकेच्या वन सेवेकडे सुमारे 2,54,000 किलोमीटर वाटा आहेत. त्या देशाच्या शासकीय लेखा संस्थेने 2013मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यांपैकी सुमारे चतुर्थांश वाटाच सेवेच्या स्वतःच्या निकषांना उतरत होत्या. स्वयंसेवकांचे भरीव योगदान असूनही ही स्थिती होती. 2016मध्ये तिथे स्वयंसेवकांचा सहभाग वाढवण्यासाठी कायदा झाला. पण सरकारने कर्मचारी कमी करायचे आणि उरलेले काम श्रमदानावर ढकलायचे, हा मार्ग चुकीचाच आहे. देखरेख करायला वनरक्षकच नसेल तर स्वयंसेवकांना कामाची परवानगी देणाराही उरत नाही. शिवाय श्रमदान शहराजवळच्या, देखण्या वाटांवर जमते. दूरच्या, कमी चालल्या जाणाऱ्या वाटा झुडपांखाली गडप होतात. अनेक क्लबांमधील कार्यकर्ते निवृत्तीच्या वयाचे आहेत आणि आठवडाभर राबणाऱ्या तरुणांना ठरावीक बांधिलकी झेपत नाही.

सप्टेंबर 2024मध्ये हेलेन चक्रीवादळाने अ‍ॅपलेशियन वाटेचा दक्षिणेकडील मोठा भाग उद्ध्वस्त केला. हजारो झाडे आडवी झाली, पूल वाहून गेले. स्थानिक क्लबांच्या ज्या करवत पथकांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे आधीपासून तयार होती, ती परवानगी मिळताच कामाला लागली. मदत करायला निघालेल्या, पण प्रशिक्षण नसलेल्या लोकांना मात्र थांबावे लागले.