कुरणावरची गाय: दोन वेगळे प्रश्न

मोकळ्या कुरणात चरणारी गाय पाहिली की दोन गोष्टी आपण एका दमात मान्य करतो. ती सुखात आहे आणि तिच्यामुळे निसर्गाचं भलं होतं. मात्र हे दावे वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी पुढे आले.

सुमारे 10,500 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात रानगुरं माणसाळली, तेव्हापासून ती चरूनच जगत होती. माणसाला न पचणारं गवत रवंथ करून दुधात आणि मांसात बदलणं, यावरच हे नातं उभं होतं. 'कुरणावर वाढवलेलं' असं मुद्दाम सांगायची गरज पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. रासायनिक खतांमुळे मका मुबलक आणि स्वस्त झाला, आणि अमेरिकेत हजारो गुरं एकेका आवारात कोंडून धान्यावर पोसली जाऊ लागली.

पहिला आक्षेप आला तो जनावरांच्या हालांवरून. 1964 मध्ये ब्रिटनच्या रुथ हॅरिसन यांनी कोंबड्या आणि वासरं कशी कोंडली जातात हे पुस्तकातून मांडलं. सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये सांगितलं की जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आलं पाहिजे. एवढ्या साध्या गोष्टी लिहून मागाव्या लागल्या, हे वाचताना आजही गलबलून येतं. पुढे 1986 मध्ये ब्रिटनमध्ये गाईंना मेंदूचा नवा रोग झाल्याचं निदान झालं. तो मांस आणि हाडांचा भुगा मिसळलेल्या खुराकातून पसरला होता. हा रोग माणसापर्यंत पोचत असावा, हे 1996 मध्ये ब्रिटिश सरकारला मान्य करावं लागलं. त्यानंतर गवतावरच्या गाईबद्दलचा विश्वास वाढला, आणि तो रास्तच होता.

पर्यावरणाचा हिशेब मात्र उलट्या दिशेने चालला होता. अतिचराईने माळरानं उजाड होऊ लागल्यामुळे अमेरिकेने 1934 मध्येच सरकारी जमिनींवरच्या चराईला कायद्याने आवर घातला. ॲमेझॉनमध्ये तर कुरणांसाठीच जंगल तुटत गेलं. तिथल्या जंगलतोडीचं ते आजही सर्वांत मोठं कारण आहे. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने मानवनिर्मित हरितगृह वायूंमधला पशुपालनाचा वाटा 14.5 टक्के असल्याचं मांडलं. त्यात रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा भाग मोठा आहे.

त्याच वर्षी झिंबाब्वेचे पर्यावरण अभ्यासक ॲलन सेव्हरी यांनी कळप सतत हलवत ठेवला तर जमीन सावरते आणि हवेतला कार्बन मातीत परततो, असा दावा केला. हलत्या चराईने गवताला उसंत मिळते हे खरंच. अनेक पशुपालकांनी ते अनुभवलं आहे. पण मातीत कार्बन साठायला मर्यादा असते. काही दशकांत साठा स्थिरावतो, गाई मात्र मिथेन सोडतच राहतात. त्यामुळे हा दावा जसाच्या तसा मला पटत नाही. तरीही जुनं गवताळ माळरान नांगरलं तर मातीतला कार्बन हवेत जातो, म्हणून ते राखायला चराईचा आधार हवा असतो. जंगल तोडून केलेलं कुरण आणि मुळातलं माळरान यांना एकाच तराजूत तोलणं चूक आहे.

नैतिक पेच सर्वांत टोकदार होतो तो वयाच्या मुद्द्यावर. गवतावरचं जनावर कत्तलीच्या वजनाला यायला धान्यावरच्या जनावरापेक्षा कित्येक महिने जास्त लागतात. जनावराच्या बाजूने पाहिलं तर ते उघड्यावर जगलेले जादा महिने. हवेच्या बाजूने पाहिलं तर त्याच महिन्यांचं जादा मिथेन.