देवराईतली वाट कुणी पाडली?

सह्याद्रीतल्या देवराईत मुलाबाळांसह निघणारी निसर्गफेरी ज्या वाटेने जाते, ती वाट फेरीसाठी पाडलेली नसते. ती गुरवाची. गावातून निघून काळकाई, वाघजाई नाहीतर भैरवाच्या ठाण्याशी पोचणारी, एकामागे एक माणूस जाईल एवढीच. फेरीत सांगतात ते नियमही नवे नाहीत. देवाच्या रानातली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूड चुलीला न्यायचं नाही, अगदीच अडलं तर आधी कौल लावून देवाची परवानगी घ्यायची. डोंगर बोडके झाले तरी हे तुकडे उरले ते या धाकामुळे. १८७८च्या वनकायद्याने रानं सरकारजमा होऊ लागली तेव्हाही देवरायांची राखण कागदापेक्षा देवाच्या भीतीनेच जास्त केली.

बाहेरच्यांना त्यांचं मोल कळलं ते १९७०च्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गावोगाव फिरून नोंदी केल्या तेव्हा. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणीची देवराई तोडीसाठी आखली गेली होती. ती वाचवायला मदत करा, असं गावकऱ्यांनीच कळवलं. आत सापडला गारंबीचा अजस्र वेल. मीटरभर लांब, वाळल्यावर खुळखुळणारी गारंबीची शेंग आजही फेरीत मुलांचं सगळ्यात आवडतं खेळणं. ती हाताळावी आणि जागच्या जागी ठेवावी.

छोट्या देवराईला दोन तास पुरतात. एका वाटाड्यामागे दहा-पंधरा जणच हवेत, कारण शेपूट लांबली की मागची मुलं वाट सोडतात. पाचोळा तुडवला की माती दबते, पाणी मुरत नाही आणि झाडाखाली रुजलेली रोपं मरतात. आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा वर्ज्य. हिवाळ्यात खाजकुयलीची कुसं अंगाला लागली तर चोळू नयेत, आणखी रुततात; म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जळवा असतात. त्या त्रासदायक, पण निरुपद्रवी.

खरा घाव मात्र निसर्गफेरीला येणाऱ्यांचा नसतो, जीर्णोद्धाराचा असतो. कौलारू देवळाच्या जागी स्लॅब घालायचा म्हणजे सिमेंट-खडी आणायला ट्रक हवा, ट्रकला रस्ता हवा. वाट रुंद झाली की वरचं पानांचं छप्पर फाटतं, ऊन जमिनीपर्यंत उतरतं आणि सगळ्यात आधी आत शिरतं ते रानमोडी नावाचं परकं तण.