भावनियमन कौशल्योपचार (मनोविकृतीतील आत्महत्या-प्रतिबंध)

स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकृतींत (वास्तवाचे भान सुटते, भास होतात अशा आजारांत) आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी तीव्र भावना ओळखायला, सोसायला व उतरवायला शिकवणारी मानसोपचार पद्धती. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने होतो. आजाराची पहिली वर्षे आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे विशेष जोखमीचे असतात.

‘मर’ म्हणून हुकूम सोडणारे, फक्त रुग्णालाच ऐकू येणारे आवाज हेच एकमेव कारण, ही समजूत अपुरी आहे. आवाजांनी उडणारी घाबरगुंडी, लाज, आणि आजाराचे भान आल्यावर येणारी ‘शिक्षण सुटलं, आता काय उरलं’ ही हताशाही जीवघेणी ठरते. चेहरा कोरा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रिंग यांच्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत मात्र चित्रफिती पाहताना रुग्णांच्या चेहऱ्यावर भाव कमी उमटले, तरी त्यांनी सांगितलेल्या भावना इतरांइतक्याच तीव्र होत्या.

यातील बरीचशी तंत्रे अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारातून (डीबीटी; तीव्र भावना सांभाळायची कौशल्ये शिकवणारा उपचार) आली. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. आधी भावनेला नेमके नाव द्यायचे: ‘कसंतरी होतंय’ नव्हे, तर ‘शेजारी हसले, मला लाज वाटली, दहापैकी आठ’. आठ-नऊवर विचार चालत नाही. तेव्हा तोंडावर गार पाणी मारणे, श्वास लांबवत सोडणे असे शरीरामार्गे उपाय (हृदयविकार असल्यास गार पाण्याचा उपाय डॉक्टरांना विचारूनच). पारा उतरला की उलट कृती: लाजेने खोलीत कोंडून घ्यावेसे वाटते, तर दहा मिनिटे ओट्यापाशी आईशेजारी बसायचे. आवाज थांबलाच पाहिजे अशी अट नसते. एकाग्रता टिकत नसल्याने सत्रे छोटी ठेवावी लागतात व तेच तेच पुन्हा घ्यावे लागते.

डीबीटीचा भक्कम पुरावा मुख्यतः सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारातला (भावना व नाती सतत टोकाला जाणाऱ्या विकारातला) आहे. मनोविकृतीतील अभ्यास अजून तुटपुंजे आहेत. त्यामुळे हा उपचार औषधांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. ९८० रुग्णांवरील व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोझापिन हे मनोविकृतीवरचे औषध घेणाऱ्यांत आत्मघाती वर्तन ओलान्झापिन या तशाच दुसऱ्या औषधाच्या तुलनेत कमी आढळले.

शुभार्थीला (रुग्णाला) आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात भरवले जात नाहीत. शुभंकरांनी (काळजी घेणाऱ्यांनी) हे विचारावे, आणि तातडीच्या वेळी १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा निःशुल्क असून मराठीतही बोलता येते.